आगाऊ साक्ष

मटण शिजलं, वडे तळून झाले, कामोठ्याचे पाहुणे गाडीतून उतरून पंख्याखाली बसले, आणि ज्याचा साखरपुडा त्याचाच पत्ता नव्हता.

गुणाबाईने स्वयंपाकघराच्या दारातून हॉलमध्ये बघून तोंडभर हसून घेतलं. मागे वळली आणि हसू तिथेच संपलं.

"रोशनी, प्रितम कुठं हाय?"

थोरली सून रोशनी वड्यांवर फडकं टाकत होती. "मला नाही माहीत, आई. सकाळी चर्चला उठवते म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, झोपू दे, दमलाय."

"दमलाच होता तो."

"कशाने दमला होता?"

गुणाबाईने सुनेकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर निमूट वडे मोजत बसली असती. पण रोशनीची गप्प बसायची हौस या घरात केव्हाच फिटली होती. "काल प्रांजलच्या हळदीला गेला होता, चुलत्यांकडे. पहाटे आला. दार मी उघडलं."

"मग? भाऊबंद हायेत. तोंड दाखवायला नको?"

"तोंड दाखवून नाही आला, आई. भिंत धरून आला."

"हलू बोल गं!" गुणाबाईने दार ओढून घेतलं. "बाहेर पोरीची आई बसलीय. आनि तुजं हे मना आवडत नाय, सांगून ठेवते. मी देवाजवल मागितलं, देवानं सोडवलं त्याला. आता रोज उठून शंका काढायची म्हंजे दिलेलं परत करायचं. जा, बघ कुठं हाय तो. डोक्यावरून पानी घे म्हनावं."

देवाने सोडवलं! सोडवलं कुणी नव्हतं. गुणाबाईने माईकवर तसं सांगितलं होतं, एवढंच झालं होतं. आणि आजचा हा सगळा घाट, ती पातेली, त्या खुर्च्या, ती कामोठ्याची पोरगी, सगळं त्या माईकवरच्या दोन वाक्यांवर उभं होतं.

नवीन पनवेलच्या भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी बायबलचं वचन सांगून झालं की विचारतात, कुणाला साक्ष द्यायची आहे का? मग कुणी उठून सांगतं, ताप उतरला, नोकरी लागली, नवऱ्याने हात उचलणं सोडलं. थोरले पास्टर होते तोवर कामं पक्की असायची. घडलं नाही तर बोलायचं नाही. गुणाबाईच्या नवऱ्याने, बुधाजीने, दारू सोडली तेव्हा त्याला त्यांनी वर्षभर मागच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. "आधी सोड, राहून दाखव, मग बोल," म्हणाले होते. ते गेले आणि भावेश पास्टर आले. पोरगेलासा, गोड बोलणारा, मनाने चांगला माणूस. त्यांनी शिकवलं की डोळ्यांना दिसायच्या आधीच आभार माना, यालाच विश्वास म्हणतात. लोकांनी मानले. कुणी मिळायच्या आधी घराचे मानले, कुणी पोराच्या नोकरीचे. त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

गुणाबाई एका रविवारी उठली आणि म्हणाली, "माज्या धाकट्याची दारू सुटली. देवानं सोडवली." सुटेल म्हणाली नाही, सुटली म्हणाली. धाकटा त्या वेळी कोन गावातल्या घरात बुटांसकट पलंगावर आडवा होता. हॉल टाळ्यांनी दणाणला, बायका रडल्या, आणि पुढच्या रांगेत कामोठ्याची भामा पदर तोंडाला लावून हुंदके देत बसली. तिचा नवरा शिवा दारूनेच गेलेला. मुलगी दिपिका क्लासमध्ये शिकवायची आणि स्थळ आलं की एकच अट घालायची, पिणारा नको. आगरी पोरगा, तोही विश्वासी, येशूला मानणाऱ्या घरातला, आणि वर देवाने हात धरून सोडवलेला! भामाने महिनाभर प्रार्थना केली आणि मागणी घातली.

रोशनी जिना चढून वर गेली. प्रितम गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. नवा सदरा अंगात होता, बटणं वरखाली लागली होती.

"वहिनी, ओरडू नका."

"मी कशाला ओरडू? घेतलीस?"

"हात थांबावा एवढीच." त्याने हात पुढे करून दाखवला. "सकाळपासून थरथरत होता. अंगठी घालायचीय ना. सगळे बघत असणार. खाली पडली तर?"

रोशनीला रडू यावं की हसू यावं कळेना. अंगठी नीट घालता यावी म्हणून दारू! ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली, साडीची पर्वा न करता. तिला हा दीर आवडायचा. घरात कुणी विचारत नसताना चहा पिणार का म्हणून विचारणारा तो एकटाच होता.

"प्रितम, खाली जाऊन दिपिकाला सांग."

"काय सांगू?"

"खरं ते."

"ती हसते हो वहिनी माझ्याकडे बघून." प्रितमने मान खाली घातली. "माझ्याकडे बघून कोण हसतं? गावात लोक माझ्यावर हसतात. ती माझ्याकडे बघून हसते."

मग तो बोलतच सुटला, कारण त्याला बोलायला दुसरं माणूस नव्हतं. दर रविवारी लोक त्याचा हात हातात घेतात, ब्रदर, तुमच्यामुळे आम्हाला धीर आला म्हणतात. एक बाई आपल्या पिणाऱ्या पोराला घेऊन आली आणि म्हणाली, तुझ्यावर देवाची कृपा झालीय, याच्या डोक्यावर हात ठेव. त्याने ठेवला. तोंडात बडीशेप होती, वास लपवायला. त्या रात्री त्याला स्वतःची एवढी शिसारी आली की आणखी प्यायला.

"आजारी माणसाला लोक विचारतात तरी, कसं वाटतंय म्हणून," तो म्हणाला. "मला कोण विचारणार? मी बरा झालोय ना! आईने सांगून टाकलंय. माझ्यासाठी प्रार्थना करा असं उभं राहून म्हणायचं, तर आई खोटी पडते. मग मी काय करू? तुम्ही बॅग भरली होतीत तेव्हाच गेलो असतो तर..."

बॅगेची गोष्ट घरात कुणी काढत नसे. कर्जतच्या बाजूला एक व्यसनमुक्ती केंद्र होतं. रोशनीने फोन करून चौकशी केली होती, प्रितम तयार झाला होता, कपडे भरले होते. गुणाबाईने ते शर्ट एकेक करून बाहेर काढले आणि कपाटात परत टांगले. "तिथं कोनी वलखीचं भेटलं तर? साक्ष देऊन आलेय मी. सुटलेल्या मानसाला केंद्र कशाला पायजे?" असं म्हणून तिने रिकामी बॅग माळ्यावर टाकली होती.

"चल, तोंड धू," रोशनी म्हणाली. "मी बाबांशी बोलते."

बुधाजी अंगणात भावेश पास्टरांजवळ बसला होता. सुनेने लांबून हाक मारली तेव्हाच त्याला कळलं. ज्याने आयुष्यातली दहा-बारा वर्षं बाटलीत घालवली त्याला मुलाच्या चालीवरून कळत नाही होय? त्याला कळत होतं. फक्त बायकोच्या विश्वासात मोडता घालायला नको, असं तो स्वतःला सांगत आला होता, आणि ते सांगणं सोयीचंही होतं.

घरामागे चुलीपाशी तो आला. "परत घेतली?"

"परत कसली, बाबा? थांबलीच कधी होती?" रोशनी म्हणाली. "तुम्ही भामा मावशींना सांगा. तुमचं त्या ऐकतील. मग त्यांनी हो म्हणायचं की नाही, ते त्यांचं त्या बघतील. निदान त्या पोरीला माहीत तरी असू दे."

"बरोबर हाय तुजं," बुधाजी म्हणाला आणि निघालासुद्धा. पण गुणाबाई दारातच उभी होती. तिच्यामागे थोरला निकेश, हातात पाण्याचा जग.

"कुठं चाललात?"

"भामाशी बोलायला."

"काय बोलनार?"

"गुणा, पोर अजून पितंय. तुला ठावं हाय, मना ठावं हाय. पोरीच्या आईला सांगायला नको?"

"आनि मी?" गुणाबाईचा आवाज चिरला. "मी सगल्यांसमोर बोललेय. ती साक्ष खोटी पडली तर कोनाची पडली? देवाची!"

"देवाची कशी? तुजी पडली."

"आई, बाबा, जरा हळू," निकेश म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "रोशनी, तू हे कशाला उकरून काढतेस? आजचा दिवस बघितलास का? घरचं घरात राहू दे ना."

"घरचं कुठे आहे ते? दुसऱ्याची मुलगी आणतोय आपण."

"तू आत जा."

"जाते," रोशनी म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

गुणाबाईने नवऱ्याचा दंड धरला. "चिंता करू नका म्हनून वचन हाय ना? तुमीच शिकवलंत मना. मंग आता तुमाला एवढी कसली चिंता लागली?"

"वचन हाय," बुधाजी म्हणाला. "पन खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा पन हाय. ती कुठं गेली? देव म्हनतो, माजं ऐक, मंग घोर माज्यावर सोड. तू ऐकायचं सोडलंस, गुणा, आनि नुसता घोर सोडून मोकली झालीस."

गुणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. आधी नवऱ्याची, मग मुलाची वाट बघत ती आयुष्यभर दाराकडे कान लावून पडली होती. मोटारसायकल वाजली की कधी पडणार आणि नाही वाजली की कुठे पडला असणार, हाच घोर. त्या रविवारी माईकवर ते शब्द बोलली आणि तिच्या छातीवरचा दगड उतरला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला गाढ झोप लागली होती. ती झोप परत द्यायची तिची तयारी नव्हती. कुणाच्याही पोरीसाठी नव्हती.

"सांगा, जा सांगा!" ती म्हणाली. "पन मी चर्चच्या त्या हॉलात परत पाय ठेवनार नाय. आनि पलीकडं तुमचे भाऊबंद आज दिवसभर हसतील. देव सोडलात, कूळ सोडलंत, मिलवलंत काय तर हेच? त्यांच्या हसन्यात पाय धुवा तुमचे."

"साखरपुडाच आहे, बाबा," निकेश मधे बोलला. "लग्नाला अजून वेळ आहे. तोवर काहीतरी होईल."

बुधाजी उभा राहिला, दोघांकडे बघितलं, आणि डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. कुळाच्या देवाला नारळ देणार नाही म्हणत साऱ्या आळीच्या तोंडावर उभा राहिलेला माणूस तो. भावकीने विहिरीचं पाणी तोडलं तेव्हा हलला नव्हता. आज बायको रडली आणि तो अंगणात जाऊन पास्टरांशेजारी बसला.

"बघितलंस?" गुणाबाई सुनेला म्हणाली. "आता वडे घे आनि चल."

रोशनीने वडे घेतले नाहीत. ती सरळ आतल्या खोलीत गेली. भामा आरशासमोर एकटी उभी राहून केसांत गजरा नीट करत होती.

"मावशी, एक बोलायचंय. वाईट वाटेल."

"अगो, आता तू दिपिकाची थोरली जाऊ. तुजं काय वाईट वाटून घेऊ?"

"प्रितमची सुटलेली नाही. तो अजून पितो. आजही प्यायलाय."

भामाचा हात गजऱ्यावरच थांबला. आरशातून तिने रोशनीकडे बघितलं, मग दाराकडे. मग ती गजरा पुन्हा नीट करायला लागली, जो मघाच नीट झाला होता.

"मानसं बोलतात कायबी," ती म्हणाली.

"माणसं नाही बोलत, मी बोलतेय. मी याच घरात राहते."

"तुमचं सासूसुनांचं काय असंल ते मना नको सांगू, बाय."

"मावशी, शिवा काकांचं तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय म्हनूनच!" भामा गर्रकन वळली. "बघितलंय म्हनून मना ठावं हाय, एकट्या बाईचं काय होतं. पोरगी तिशीला आली. हिंदूंकडे देऊ शकत नाय, विश्वासी घरात आगऱ्याचा पोर मिलत नाय. मी कुठून आनू? देवानं एक दाखवला. आता मी त्याच्यात काड्या नाय घालनार. देव बघून घेईल."

"दिपिकाला तरी सांगा."

"तिला नाय सांगायचं!" भामाने तिचा हात घट्ट धरला. विनवणी होती की धमकी, रोशनीला कळलं नाही. "तुला तुज्या पोरांची शपथ हाय. तिला नाय सांगायचं."

विश्वासी माणसं शपथ घालत नाहीत. भामाला त्याचंही भान उरलं नव्हतं.

घरातल्या हॉलमध्ये खुर्च्या भरल्या. पास्टरांनी आणलेला स्पीकर कोपऱ्यात लावला, ढोलकीवाला सरसावून बसला. कुंकू नव्हतं, नारळ नव्हता, दोन अंगठ्या बशीत ठेवल्या होत्या. दिपिका अबोली रंगाची साडी नेसून उभी राहिली आणि प्रितम येऊन तिच्याशेजारी थांबला.

तो आला तसा वास आला. वर अत्तर होतं, लवंग होती, तोंडात बडीशेप होती. पण त्याच्याखालचा वास दिपिका झोपेतसुद्धा ओळखेल. तिचं सगळं लहानपण त्या वासात गेलं होतं. शाळेतून घरी आल्यावर दारातच नाक पुढे करून ती अंदाज घ्यायची, आज आत जायचं की शेजारी बसायचं. तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. भीतीने होतोय. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि बशीतल्या अंगठ्या उगाच इकडच्या तिकडे केल्या.

"अंगठ्या घालण्याआधी," भावेश पास्टर हसून म्हणाले, "ब्रदर प्रितम दोन शब्द साक्ष देतील. यांची साक्ष आजवर आपण आईच्या तोंडून ऐकली. आज त्यांच्या तोंडून ऐकू. किती घरांना यातून धीर मिळेल!"

त्या बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी कौतुकाने माईक पुढे केला. प्रितमने तो घेतला. हात थरथरला नाही. गुणाबाई पहिल्या खुर्चीवर बसून मान हलवत होती, बोल, बोल म्हणून.

"मी..." प्रितम म्हणाला. त्याने दिपिकाकडे बघितलं. ती आज हसत नव्हती. "माझ्यासाठी प्रार्थना करा. माझी सुटलेली नाही. आज पण..."

निकेशने स्पीकरची वायर ओढली. माईक मेला. आणि त्याच क्षणी गुणाबाईने गाणं उचललं.

काय आवाज तो! तिची आई धवलारीण होती, आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावणारी, आणि तिच्या गळ्याचं सगळं लेकीकडे आलेलं. येशूच्या स्तुतीचं गाणं तिने असं वरच्या पट्टीत धरलं की अंगणातल्या माणसांनी माना वळवल्या. ढोलकीवाल्याला काहीच कळलं नव्हतं. गाणं सुरू झालं म्हणजे वाजवायचं, एवढं त्याला माहीत. बायकांचंही तसंच. टाळ्या सुरू झाल्या, सगळ्या जणी गायला लागल्या, कुणी डोळे मिटले, कुणी हात वर केले. पुढच्यांनी जे ऐकलं होतं ते त्यांना ऐकायचं नव्हतं, आणि मागच्यांना काही ऐकू आलंच नव्हतं.

प्रितम बोलतच होता. मेलेला माईक तोंडापुढे धरून तो काहीतरी सांगत होता आणि त्याचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. ऐकत होती फक्त दिपिका, कारण ती हातभर अंतरावर होती.

"मला केंद्रात जायचं होतं," तो सांगत होता. "आई जाऊ देत नाही. म्हणते, मी बरा झालोय. मी तुम्हाला फसवणार होतो. खरंच फसवणार होतो. आत्तापर्यंत."

बुधाजी उठला. खुर्च्यांमधून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत तो ढोलकीपर्यंत गेला आणि त्याने दोन्ही हात ढोलकीवर ठेवले. ढोलकी थांबली, मग टाळ्या थांबल्या, आणि शेवटी गुणाबाई एकटीच गात राहिली. कडवं संपेपर्यंत गायली. मग तिलाही थांबावं लागलं.

"पोर काय बोलतंय ते ऐका," बुधाजी म्हणाला. "मी मघाशी सांगायला पायजे होतं. नाय सांगितलं. माजी चूक हाय. हा पितो. आजबी प्यायलाय."

भावेश पास्टरांचा चेहरा उतरला. "पण सिस्टर, तुम्ही तर..." ते गुणाबाईकडे बघत म्हणाले.

दिपिका आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"आत्ता, आत्ताच सांगितलं गो या बायनं," भामा रोशनीकडे बोट दाखवत म्हणाली. "मना वाटलं, तुज्या नशिबात..."

"आत्ताच कळलं. आणि मला नाही सांगितलंस. अंगठ्या सरळ करत बसलीस." दिपिकाचा आवाज चढला नाही. वर्गात शिकवून शिकवून तिला आवाज न चढवता बोलायची सवय होती. तिने प्रितमकडे बघितलं. "तुम्ही केंद्रात जा. कुणाला न विचारता जा."

गुणाबाई पुढे आली आणि तिने दिपिकाचे दोन्ही हात हातात घेतले. भर सभेत पदर पसरावा तशी ती बोलत होती. "बाय माजी, ऐक. हे सैतानाचं काम हाय. भरल्या ताटावरून उठवतो तो. पोर घाबरलंय, म्हनून बोलतंय. लगीन झालं, तुज्यासारखी बायको घरात आली की होईल तो बरोबर. तू कसलाच घोर करू नको. माज्यासारखं सगलं देवावर टाक."

दिपिकाने आपले हात हळूच सोडवून घेतले.

"तुम्ही देवावर कुठे टाकलंत, काकी?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्यावर टाकत होतात."

दिपिका दाराकडे चालायला लागली, चपला शोधायला वाकली, आणि भामा डोळे पुसत तिच्यामागे गेली. कामोठ्याची माणसं एकेक करून उठली. कुणी जेवलं नव्हतं, पण थांबा म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. निकेश त्यांना सोडायला गाडीपर्यंत गेला आणि तिथेच घुटमळत राहिला.

बुधाजीने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सकाली मी नेतो तुला कर्जतला. मी सोतः नेतो."

"कशाला नेता?" गुणाबाई म्हणाली. तिचे डोळे आता कोरडे होते आणि पाठ ताठ होती. तिने रिकाम्या खुर्च्यांकडे बघितलं नाही. नवऱ्याकडे, दारात उभ्या राहिलेल्या सुनेकडेही नाही. ती पास्टरांसमोर जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि हात जोडले.

"पास्टर, आभाराची प्रार्थना करा," ती म्हणाली. "देवानं माज्या पोरासाठी हिच्यापेक्षा चांगली पोरगी ठेवलीय. आनि त्याला सोडवलंय ते सोडवलंयच. मी विश्वासानं घेते. आमेन म्हना."

पास्टर खाली बघत राहिले. बुधाजीचा हात मुलाच्या खांद्यावर तसाच होता. रोशनी तोंडावर पदर धरून उभी होती. गुणाबाई हात जोडून वाट बघत होती, आणि वाट बघता बघता तिचे जोडलेले हात थरथरायला लागले.

ते प्रितमला बघवेना. त्याने बापाचा हात खांद्यावरून बाजूला केला आणि म्हणाला, "आमेन, आई."